ओल्या खोक्यांच्या दिवशी फोन कुणाला?

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची. अमेरिकेत अभिलेखशास्त्राचं, म्हणजे जुनी कागदपत्रं लावण्या-जपण्याचं, शिक्षण घेतलं आणि आता न्यू जर्सीतल्या एका छोट्या कॉलेजच्या अभिलेखागारात नोकरी करते. विभागात मी एकटीच. खोकी उचलण्यापासून सूची करण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. गेल्या वर्षी 'मॅरॅक' या प्रादेशिक संघटनेची सभासद झाले. एका परिषदेला गेले, मागच्या रांगेत बसले आणि परत आले. आता विचारणा आली आहे, की न्यू जर्सीची प्रतिनिधी म्हणून निवडणुकीला उभी राहशील का? मला भाषणं जमत नाहीत, इंग्रजी बोलताना अडखळते, ओळखी नाहीत. नेतृत्वाचा अनुभव म्हणाल, तर मंडळाच्या गणपतीचा हिशेब दोन वर्षं ठेवला, एवढाच. नवरा म्हणतो, पैसे मिळत नाहीत तर हा व्याप कशाला? शिवाय मी एच-वन व्हिसावर आहे. काय करू? आणि मला कृपया एकेरीत बोला.

उत्तर : उभी राहा. आधी उत्तर देऊन टाकते, कारण पत्र वाचताना माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. आता कारणं सांगते.

मी पुण्यात मोडी शिकले, काही वर्षं जुनी कागदपत्रं लावण्याचं काम केलं आणि लग्नानंतर पेनसिल्व्हेनियात आले. तिथे एका शिक्षणसंस्थेच्या तळघरात माझं अभिलेखागार होतं. मीही एकटीच होते. एका जानेवारीत, जोडसुट्टीच्या शनिवारी, रात्रपाळीच्या रखवालदाराचा फोन आला : वरच्या मजल्यावरचा पाइप थंडीने फुटला आहे, पाणी खाली उतरतंय. मी पोहोचले तेव्हा भिंतीलगतची सदतीस खोकी भिजली होती. पुठ्ठ्याचं खोकं भिजलं की तळातून लगदा होतं. पहिलं खोकं उचललं आणि तळ सुटून सगळे कागद माझ्या पायांवर आले. तो आवाज मला अजून आठवतो. ओल्या पिठाचा गोळा परातीत आपटावा तसा.

शिक्षणात हे सगळं वाचलेलं होतं. पण त्या क्षणी काही आठवेना. वरिष्ठ सुट्टीवर, फोन बंद. मग मी एका बाईंना फोन केला. परिषदेत नोंदणीच्या टेबलावर आम्ही दोघींनी शेजारी बसून अर्धा दिवस नावांचे बिल्ले वाटले होते, एवढीच आमची ओळख. त्यांनी घड्याळ विचारलं. पाणी लागून किती तास झाले? अठ्ठेचाळीस तासांच्या आत कागद गोठवले नाहीत, तर बुरशी धरायला लागेल. फोल्डर उघडू नकोस, पानं सोडवत बसू नकोस. गुळगुळीत कागदाची मासिकं अर्धवट वाळली की पानं एकमेकांना कायमची चिकटतात, तेव्हा ती ओलीच राहू दे आणि तशीच गोठव. काचेच्या जुन्या निगेटिव्ह असतील तर त्या मात्र फ्रीझरमध्ये घालू नकोस. दुधाचे प्लॅस्टिकचे क्रेट मिळव, पाऊणच भर, मध्ये मेणकागद घाल. तासाभरात त्यांनी आणखी दोघांना फोन लावले. एकाने गोठवून निर्वात वाळवणाऱ्या कंपनीचा नंबर दिला. दुसरा स्वतः गाडी घेऊन आला, मागे बावीस क्रेट भरून. जवळच्या किराणा दुकानदाराच्या डीप फ्रीझरमध्ये आमची खोकी मटाराच्या पिशव्यांशेजारी दोन रात्री राहिली.

सदतीसपैकी चौतीस खोक्यांतला मजकूर बचावला. ज्या माणसांमुळे तो वाचला त्यातल्या एकालाही मी संघटनेत गेले नसते तर ओळखलं नसतं. नवऱ्याला हे सांग. पगार मिळत नाही, ही गोष्ट खरीच आहे.

आता मॅरॅकबद्दल. वाचकांपैकी बहुतेकांना हे नाव नवीन असेल म्हणून थोडक्यात सांगते. मिड-अटलांटिक रीजनल आर्काइव्ह्ज कॉन्फरन्स ही १९७२ साली सुरू झालेली संघटना. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डी. सी. एवढा तिचा टापू. देशपातळीवरची सोसायटी ऑफ अमेरिकन आर्काइव्हिस्ट्स १९३६ची, पण तिची वार्षिक परिषद कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. विमान, हॉटेल, वर्गणी हे सगळं छोट्या गावच्या इतिहास मंडळात अर्धवेळ काम करणाऱ्या माणसाला झेपत नव्हतं. म्हणून गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावरच्यांनी एकत्र यावं, वर्गणी कमी ठेवावी, वसंतात एक आणि शरदात एक परिषद भरवावी, असा घाट घातला गेला. त्याच सुमारास मिडवेस्टमध्ये आणि न्यू इंग्लंडमध्येही अशाच संघटना उभ्या राहिल्या. मला या कमी वर्गणीचं फार मोल वाटतं. ज्याच्याकडे एकच खोली आणि एकच कपाट आहे, त्याला मदतीची गरज सगळ्यात जास्त असते.

तुला ज्या पदासाठी विचारलंय ते राज्याच्या गटाचं प्रतिनिधित्व. प्रत्येक राज्याच्या सभासदांचा एक गट आणि त्याचा एक निवडलेला प्रतिनिधी असतो. तो प्रतिनिधी संघटनेचा कारभार पाहणाऱ्या सुकाणू समितीत बसतो. तिथे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि निवडून आलेले इतर सदस्य असतात. राज्यातली बातमी वर न्यायची, वरची बातमी राज्यात आणायची आणि आपल्या लोकांना अधूनमधून एकत्र बोलवायचं, हे मुख्य काम. यात भाषण कुठे आलं? कुठल्या गावच्या संग्रहालयात नवीन माणूस लागलाय, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या तळघरात पाणी येतंय, हे ज्याला माहीत असतं तो चांगला प्रतिनिधी. आपल्या आळीत प्रत्येक घरची खबर ठेवणारी एखादी काकू असते ना, तिच्याकडे बघ. मी तिला मनापासून मान देते.

सभेचं कामकाज कसं चालतं याची धास्ती असेल तर ती सोड. ठराव मांडायचा, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, चर्चा, मतदान, इतिवृत्त. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला तू आई-वडिलांबरोबर एकदा जरी बसली असशील तरी तुला नव्वद टक्के येतं. उलट तिथल्यापेक्षा इथे आवाज कमी चढतात.

आणि 'गणपतीचा हिशेब ठेवला, एवढाच' असं पुन्हा लिहू नकोस. संघटना बुडतात त्या हिशेबापायी. परिषद भरवताना हॉटेलशी करार होतो. त्यात अमुक इतक्या खोल्या आमची माणसं घेतील, अशी हमी द्यावी लागते. माणसं कमी आली, किंवा आली पण स्वस्त जागा शोधून दुसरीकडे उतरली, तर राहिलेल्या खोल्यांचा भुर्दंड संघटनेवर. जेवणाखाण्याचीही किमान रक्कम ठरलेली असते. एका वर्षी मी स्थानिक व्यवस्था समितीत होते. हॉटेलच्या माणसाने कॉफीचा दर गॅलनवर सांगितला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वहीत कपांचा हिशेब मांडला, म्हणाले, माणशी दोन कपांपेक्षा जास्त धरताय, एवढी कॉफी लागणार नाही. करारातला तो आकडा खाली आला आणि वाचलेल्या पैशांतून दोन विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च निघाला. त्या दिवसापासून मला कुणी 'अनुभव काय' असं विचारलं नाही. वर्गणीची पावती, देणगीची नोंद, मांडववाल्याला दिलेला ॲडव्हान्स हे तू केलंयस. अर्जात ते जसंच्या तसं लिही.

पदाशिवायही करण्यासारखं पुष्कळ असतं. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं काम सांगते : कार्यक्रम समिती. परिषदेत कोण काय बोलणार हे ती ठरवते. शंभर-दीडशे शब्दांचे प्रस्ताव येतात, ते वाचायचे, एकमेकांशी जुळणारे तिघे शोधून एका सत्रात बसवायचे, नवख्या माणसाला कळवायचं की तुमचा विषय चांगला आहे, फक्त एवढं बदला. या समितीत बसल्यावर कळतं की आपल्या व्यवसायात लोक कशाशी झगडताहेत. कुणाकडे चाळीस वर्षांच्या फ्लॉपी पडून आहेत, कुणाला बंद पडलेल्या गिरणीचे पगारपत्रक मिळालंय आणि ठेवायला जागा नाही. वार्तापत्राला मजकूर देणारे हात नेहमी कमी असतात. उत्तम संग्रहसूचीला, म्हणजे संग्रहात काय कुठे आहे हे सांगणाऱ्या यादीला, पुरस्कार दिला जातो, त्याच्या निवड समितीत बसलीस तर वर्षभरात दुसऱ्यांच्या डझनभर सूची बारकाईने वाचून होतील. त्यातून जे शिकशील ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

एका गोष्टीपासून मात्र पहिल्या दोन वर्षांत लांब राहा : स्थानिक व्यवस्था समितीचं प्रमुखपद. समितीत जा, बिल्ले वाट, संग्रहालयांच्या सहलीच्या बसमधली माणसं मोज, पण प्रमुख होऊ नकोस. ते वर्ष घरातलं लग्न काढल्यासारखं जातं आणि तुझ्याकडे कॉलेजचं काम दुसरं कुणी बघणारं नाही.

हरण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. मी पहिली निवडणूक हरले. घरी कुणाला सांगितलंही नव्हतं की उभी आहे. दोन आठवड्यांनी सचिवांचा निरोप आला : तुमचा उमेदवारीचा मजकूर आवडला होता, एका उपसमितीचं इतिवृत्त लिहाल का? लिहिलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याला प्रत्येक माणूस काय बोलला हे नीट ऐकावं लागतं, आणि सभा संपल्यावर सगळे त्याच्याकडेच येतात, 'मी तसं म्हटलं नव्हतं' हे सांगायला. वर्षभरात सगळ्यांना मी माहीत झाले होते. पुढच्या खेपेला निवडून आले.

इंग्रजीचं म्हणशील, तर माझे उच्चार आजही पुणेरीच आहेत. एका परिषदेत मी पेशवे दफ्तराबद्दल बोलले. पुढे दफ्तराचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, ठेवला होता. खरा नाही, मी घरी बांधलेला. जाडसर सुती कापड, मध्ये कागदांचा गठ्ठा, चारही टोकं आत घेऊन वर गाठ, गाठीखाली चिठ्ठी. तो मी त्यांच्यासमोर सोडला आणि पुन्हा बांधला. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशी ज्या कामातून जो कागद निघाला त्या नावाने ती दफ्तरं आजही ओळखली जातात, हे सांगितलं. खोलीत एकदम शांतता. कागद ज्या कचेरीतून आला त्या कचेरीचा क्रम मोडू नये, हेच तत्त्व समोरचे श्रोते युरोपीय पुस्तकांतून शिकलेले होते. नंतर अर्धा तास प्रश्न चालले होते. कापडातून हवा खेळते का, कसर लागत नाही का, गाठ सैल झाली तर काय? मी दोनदा शब्द विसरले, एकदा 'चिठ्ठी' असंच म्हणून पुढे गेले. कुणाचं काही अडलं नाही.

तुझ्याकडेही असं काहीतरी आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ची. म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आपल्या मंडळांचे कागद आता चाळीस-पन्नास वर्षांचे होत आले आहेत, आणि ते कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आहेत. सायक्लोस्टाइल केलेल्या स्मरणिका, नाटकांच्या तिकिटांची पुस्तकं, पोस्टाने आलेल्या वर्गण्यांचे चेक. ज्यांनी ते जपले ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत आणि मुलं घर लहान करायला सांगताहेत. फिलाडेल्फियातली साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह ही २००८ साली सुरू झालेली संस्था अशा साहित्याच्या प्रतिमा करून ठेवते आणि मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहू देते. तुझ्यापासून ती फार लांब नाही. न्यू जर्सीच्या गटाची पहिली बैठक तू बोलावशील तेव्हा हाच विषय ठेव. स्थलांतरितांचे कागद कोण सांभाळणार, यावर पोलिश, इटालियन, पोर्तो रिकन वस्त्यांतले लोकही बोलायला येतील.

व्हिसाबद्दल : संघटनेतली पदं बिनपगारी असतात, पण कुठे व्याख्यानाचं किंवा कार्यशाळेचं मानधन देऊ केलं, तर घेण्याआधी वकिलाला विचार. तोंडी सल्ल्यावर जाऊ नकोस. कॉलेजकडून परवानगीही लेखी घे. किती दिवस, कुणाच्या खर्चाने, कामाच्या वेळेत बैठकीला बसता येईल का. माझ्या एका जुन्या संस्थेने तोंडी हो म्हटलं आणि परतल्यावर चार दिवस माझ्या रजेतून कापले. कागद जपणाऱ्या बाईकडे नेमका कागद नव्हता. तेव्हा फार लागलं होतं, म्हणून तुला आवर्जून सांगते.

आणखी एक. १ मे आपल्याला महाराष्ट्र दिन म्हणून ठाऊक. अमेरिकेत अभिलेखवाले त्या दिवशी 'मे डे' पाळतात, म्हणजे आपत्तीची तयारी तपासायचा दिवस. तू निवडून आलीस किंवा नाही आलीस, तरी या १ मेला एक काम कर. तुझ्या तळघराच्या दारामागे एक कागद लाव. त्यावर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते लिही आणि खाली पाच माणसांचे फोन. पाचही नावं आज लिहिता येत नसतील, तर पुढच्या परिषदेत कुणाशेजारी बसायचं ते ठरलं.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शतकाहून जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. आमच्याकडे संस्थानकाळापासूनची इतिवृत्तांची पुस्तकं, देणगीदारांच्या वह्या, थोडे मोडी कागद आहेत. तुम्ही मागे परदेशातल्या अभिलेख संघटनांबद्दल लिहिलं होतं. आमच्यासारख्यांसाठी इथे असं काही आहे का? की हे सगळं सरकारी दप्तरखान्यांपुरतंच?

उत्तर : तुमचा प्रश्न मला पहिल्या पत्रापेक्षा अवघड गेला, कारण ज्या जोमाने मी तिकडचं सांगते तसं इकडचं सांगता येत नाही. सरकारी बाजू आहे, आणि जुनी आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्याचं कार्यालय तुमच्या कोल्हापुरातच आहे. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथेही आहेत. शेजारी गोव्यात तर १५९५ पासूनची परंपरा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. सार्वजनिक अभिलेखांचा केंद्राचा कायदा १९९३चा, आपल्या राज्याचा २००५चा. पण हे सरकारी कागदांचं झालं. वाचनालय, तालीम, सूतगिरणी, देवस्थान, शिक्षणसंस्था यांच्या वह्या सांभाळणारी माणसं एकमेकांना भेटतात कुठे?

तरी आपल्याकडे याची सुरुवात फार आधी झाली होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद गोळा केले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. सरकारी मदतीवाचून, वर्गणीवर, माणसं नियमाने जमायची, सापडलेला कागद सगळ्यांसमोर वाचायची, त्यावर वाद घालायची. व्यावसायिक संघटना म्हणतात ती याहून वेगळी काय असते? फरक एवढाच, की तो मेळावा इतिहास लिहिणाऱ्यांचा होता. कागद झटकून, बांधून, फळीवर ठेवणाऱ्याला त्यात वेगळी जागा नव्हती.

तुमच्या हाताशी एक तयार घर आहे : जिल्हा ग्रंथालय संघ. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगाव आहेत आणि जिल्ह्याच्या संघाचं अधिवेशनही भरतं. नवीन संस्थेची नोंदणी, घटना, शिक्के या भानगडीत आत्ता पडू नका. संघाच्या पुढच्या अधिवेशनात एक तास मागून घ्या, 'वाचनालयाचं जुनं दप्तर' या विषयाला. त्याआधी तालुक्यातल्या चार-पाच ग्रंथपालांना तुमच्याकडे बोलवा. ९ जून हा आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन आहे, तोच दिवस धरा. पावसाच्या तोंडावर कपाटं तशीही उघडावी लागतात.

येताना प्रत्येकाने आपल्याकडची सगळ्यात जुनी एक वही आणावी. चहा दुसऱ्या टेबलावर ठेवा. प्रत्येक वहीबद्दल एका कागदावर पाच गोष्टी लिहा : नाव, साल कधीपासून कधीपर्यंत, पानं, लिपी, अवस्था. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पाच संस्थांची पहिली सामाईक यादी असेल. ज्याला मोडी येतं त्याने महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या गावी जावं. ज्याच्याकडे कोरडी खोली आहे त्याने ती पुरात द्यावी. २०१९च्या पुरात तुमच्या भागात काय झालं हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा, आणि लिहिण्याची पाळी दर वेळी नव्या माणसावर आणा. पुढचा संयोजक त्यातूनच मिळतो, हा माझा अनुभव आहे.

सेलोटेप लावून फाटकी पानं जोडलेली दिसली तर ती ओढून काढू नका, डिंक वाळून कागदाचा पापुद्रा घेऊन येतो. लॅमिनेशन कुणालाही करू देऊ नका. आणि दमट वह्या कडक उन्हात ठेवू नका. सावलीत, पंख्याखाली, पानं पंख्यासारखी उघडून उभ्या ठेवा. तुमच्या यादीची एक प्रत मला पाठवलीत तर फार आनंद होईल.